‘स्नोबर्ड’ आणि ‘आरव्ही’ला मराठीत काय म्हणावं?

फिनिक्सहून

आमच्या मंडळाच्या अंकासाठी इथल्या हिवाळ्यावर लेख लिहिते आहे. नोव्हेंबर लागला की ॲरिझोनाच्या रस्त्यांवर मिनेसोटा, डाकोटा आणि कॅनडातल्या अल्बर्टा, सास्काचेवानच्या नंबरप्लेटा दिसायला लागतात. साठी-सत्तरीची जोडपी, बसएवढी आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, आणि मागे ओढत आणलेली छोटी गाडी. एप्रिलमध्ये ऊन चढलं की सगळे परत उत्तरेला. या लोकांना इथे ‘स्नोबर्ड’ म्हणतात.

मसुद्यात मी त्यांना ‘हंगामी स्थलांतरित’ म्हटलं, आरव्हीला ‘चाकांवरचं घर’, आणि वीज-पाण्याची जोडणी नसलेल्या मोकळ्या जागी राहण्याला, म्हणजे ‘बूनडॉकिंग’ला, ‘उघड्यावरचा मुक्काम’. तिन्ही वाचताना खटकतात. लेख भारतातले आईबाबा, काका-मावश्याही वाचणार आहेत. त्यांना कळतील असे शब्द सुचवाल का?

पुण्याहून

‘हिमपक्षी’ म्हणा. छोटा आहे, कानाला गोड आहे आणि मूळ शब्दाला धरून आहे.

नाशिकहून

हिमपक्षी मला नको वाटतो. मराठीत ‘सनबर्ड’ला आपण सूर्यपक्षी म्हणतो. त्याच धाटणीचा ‘हिमपक्षी’ वाचला की ही पक्ष्याची एखादी जात असणार असंच वाटतं. शिवाय तो बर्फात राहणारा वाटतो. ही माणसं तर बर्फ चुकवायला निघालेली.

‘स्नोबर्ड’ नावाचा पक्षी खरोखर आहे. जुन्को नावाचा, चिमणीएवढा, पाठ पाटीसारखी राखाडी, पोट पांढरं. तो उन्हाळा कॅनडात आणि डोंगरांत काढतो, थंडीत खाली उतरतो. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी तो बर्फाबरोबरच अंगणात दिसतो, म्हणून हे नाव. म्हणजे ज्याच्या अंगणात तो उतरतो त्याने ते ठेवलेलं आहे.

आमच्याकडे नांदूरमध्यमेश्वरला उत्तरेकडून बदकं येतात त्यांना सगळे ‘हिवाळी पाहुणे’ म्हणतात. माणसांसाठीही तोच शब्द वापरून पाहा. पाहुणा म्हटलं की तो परत जाणार हे आलंच, आणि त्याच्या येण्याचा आनंद आहे हेही आलं. टेक्सासच्या रिओ ग्रान्द खोऱ्यात अशा लोकांना ‘विंटर टेक्सन’ म्हणतात, त्यातही हाच आपलेपणा आहे.

बीडहून

ताई, ‘हंगामी स्थलांतरित’ का खटकतं ते मी सांगतो. आमच्या जिल्ह्यात हा शब्द रोजच्या बातमीतला आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. कारखान्याच्या आसपास पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोप्यांमध्ये गळीत हंगाम काढायचा आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत यायचं. पोरांची शाळा मधेच सुटते. सरकारी कागदांत, वर्तमानपत्रांत ‘हंगामी स्थलांतर’ म्हणजे हे.

महिनेही जवळजवळ तेच, नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. त्यामुळे तो शब्द पेन्शनवर उन्हाला आलेल्या माणसांना लावला की वाचणाऱ्याच्या मनात चुकीचं चित्र उभं राहतं. मला तो दोन्हीकडून अन्याय वाटतो. त्यांची हौस लपते आणि आमच्या माणसांची अडचण सौम्य होते.

‘उघड्यावर’चंही तेच. उघड्यावर पडणं म्हणजे आधार जाणं. मनाने माळावर राहायला गेलेल्या माणसाला ते कसं लावणार?

मिनेसोटाहून

मी आणि बायको निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात आरव्ही घेऊन खाली उतरतो, म्हणून सविस्तर लिहितो.

बीडच्या मित्राचा मुद्दा अगदी नेमका आहे. त्याला इतिहासाचा आधारही आहे. माणसांना ‘स्नोबर्ड’ म्हणणं सुरू झालं ते हौशी प्रवाशांपासून नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन लष्कराच्या बोलीत हिवाळ्यापुरतं अन्न आणि छप्पर मिळावं म्हणून भरती होणाऱ्या आणि ऊन पडलं की पळून जाणाऱ्या शिपायांना स्नोबर्ड म्हणत. 1920च्या दशकात थंडीत काम शोधत दक्षिणेला येणाऱ्या उत्तरेकडच्या मजुरांना म्हणू लागले. खातंपितं, निवृत्त जोडपं हा अर्थ त्याच्यानंतरचा. पोटासाठी फिरणाऱ्यांचा शब्द सुखवस्तू लोकांकडे गेला.

आणि पोटासाठी फिरणारे आजही याच रस्त्यावर आहेत, हे लेखात यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. आमच्या मिनेसोटाच्या आणि नॉर्थ डाकोटाच्या सीमेवर रेड नदीचं खोरं आहे, तिथे साखरेचं बीट पिकतं. ऑक्टोबरमध्ये बीट काढणीची घाई असते आणि आरव्हीत राहणारी बरीच माणसं, त्यांत साठी उलटलेलीही, बारा-बारा तासांच्या पाळ्या करायला येतात. काम उरकलं की मिळालेल्या पैशांवर ॲरिझोनाची वाट धरतात. तिकडे ऊस, इकडे बीट, शेवटी साखरच. यांना इथे ‘वर्कॅम्पर’ म्हणतात. शेजारी शेजारी दोन गाड्या उभ्या असतात, एकीत हौस असते आणि दुसरीत घराचा हप्ता न झेपल्यामुळे सोडलेलं घर. बाहेरून फरक कळत नाही. म्हणून मी ‘हिवाळी पाहुणे’ हा शब्द प्रेमाने वापरीन, पण सरसकट सगळ्यांना नाही. लेखात पहिल्यांदा ‘स्नोबर्ड’ जसाच्या तसा येऊ द्या, एका वाक्यात अर्थ सांगा आणि पुढे तोच चालवा. वाचक दोन परिच्छेदांत सरावतो.

आरव्हीसाठी माझ्याकडे एक शब्द आहे : बिऱ्हाडगाडी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ही म्हण प्रत्येकाला ठाऊक आहे, त्यामुळे समजावून सांगावं लागत नाही. ‘चाकांवरचं घर’ मला जाहिरातीतलं वाटतं. घर म्हटलं की कायमपणा येतो. बिऱ्हाड हे मुळातच हलणारं असतं, थाटायचं आणि मोडायचं. संध्याकाळी आम्ही जागेवर पोचतो, गाडी समतल करतो, खोलीची भिंत बाहेर सरकवतो, चहा टाकतो. याला ‘बिऱ्हाड थाटलं’ याहून चांगलं काय म्हणणार? गाड्यांचे प्रकार मात्र मराठीत आणायच्या भानगडीत पडू नका. क्लास ए, क्लास सी, फिफ्थ व्हील हे तसेच ठेवा.

आता बूनडॉकिंग. हा शब्द इंग्रजीतही बाहेरूनच आला. फिलिपिन्समध्ये लढलेल्या अमेरिकन शिपायांनी तो तगालोग भाषेतून उचलला. ‘बुन्दोक’ म्हणजे डोंगर. त्यावरून बूनडॉक्स म्हणजे आडरान. मी ‘माळमुक्काम’ सुचवतो. ‘रानमुक्काम’ही चाललं असतं, पण देशावर रान म्हणजे शेतही होतं आणि झाडी तर डोळ्यांपुढे येतेच. ॲरिझोनाच्या क्वार्टझसाइटला ज्यांनी मुक्काम केला आहे त्यांना माळ हाच शब्द पटेल. खडीसारखी जमीन, विरळ झुडपं, मधेच सग्वारो निवडुंग आणि नजर पोचेल तिथवर बिऱ्हाडगाड्या. गाव जेमतेम अडीच हजारांचं, जानेवारीत ओळखू येत नाही. बाहेरची जमीन केंद्र सरकारची आहे. तिच्यावर ठरावीक ठिकाणी 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल राहायचा परवाना मिळतो. अनेक वर्षं तो 180 डॉलरला होता, अख्ख्या हंगामाचा. इतर मोकळ्या जमिनीवर साधारण 14 दिवस फुकट राहता येतं, मग हलायचं.

त्याच गावात एक कबर आहे, ती मुंबईकर वाचकांसाठी जरूर लिहा. 1850च्या दशकात अमेरिकन लष्कराने वाळवंटासाठी उंट आणले आणि उंटवालेही. त्यांतल्या एकाचं नाव हाजी अली. शिपायांच्या तोंडी त्याचं ‘हाय जॉली’ झालं. 1902 मध्ये तो तिथेच वारला. कबरीवर दगडी पिरॅमिड आहे आणि टोकाला धातूचा उंट. माळमुक्कामाला आलेला प्रत्येक जण एकदा तरी तिथे जातो.

फिनिक्सहून

बिऱ्हाडगाडी घेतलीच! माळमुक्कामसुद्धा. गाडीतल्या वापरलेल्या पाण्याच्या टाक्यांचं काय करू? ‘ग्रे वॉटर’ आणि ‘ब्लॅक वॉटर’चं शब्दशः भाषांतर करवत नाही.

मिनेसोटाहून

रंग विसरा. मोरीचं आणि भांड्यांचं ते सांडपाणी, संडासचं ते मैलापाणी. टाक्या रिकाम्या करतात ती जागा ‘डंप स्टेशन’च राहू द्या. माळमुक्काम किती दिवस टिकणार हे बहुधा या टाक्याच ठरवतात. वीज सौर पॅनलवर मिळते, पाणी बाहेरून भरून आणता येतं, पण मैलापाण्याची टाकी भरली की निघावंच लागतं.

टोरोंटोहून

कॅनडावाल्यांबद्दल लिहिणार असाल तर ‘सहा महिने’ असं मोघम लिहू नका. आमच्या बोलण्यात ‘दिवस मोजणं’ हा जवळजवळ वाक्प्रचार झालाय. ऑन्टॅरिओचा सरकारी आरोग्यविमा चालू राहायचा तर कुठल्याही 12 महिन्यांत प्रांताबाहेर 212 दिवसांपर्यंतच राहता येतं. अमेरिकन करखातं वेगळंच मोजतं : या वर्षीचे सगळे दिवस, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश, त्याच्या आधीच्या वर्षीचे एक षष्ठांश. बेरीज 183 झाली की कराचा प्रश्न उभा राहतो आणि जास्तीचा फॉर्म भरावा लागतो. म्हणून दरवर्षी चार महिन्यांपलीकडे राहणाराही सावध असतो. मराठीत इथले लोक सरळ म्हणतात, ‘आमचे दिवस भरत आले.’

बीडहून

ते तेवढं लेखात घेऊ नका, ताई. आमच्याकडे दिवस भरले म्हणजे बाळंतपण जवळ आलं, नाहीतर माणसाचं काही खरं नाही. ‘दिवस संपत आले’ लिहा.

नाशिकहून

आणि बिऱ्हाडगाडीत राहणाऱ्याला बिऱ्हाडकरू म्हणायचा मोह होईल, तोही टाळा. बिऱ्हाडकरू म्हणजे भाडेकरू, आणि इथे गाडी तर त्यांच्याच मालकीची आहे.

मिनेसोटाहून

बरोबर. आणखी एक भेद सांभाळा. स्नोबर्डचं उत्तरेत घर असतं, हिवाळ्यात ते बंद करून, नळांतलं पाणी काढून तो निघतो. ज्यांनी घरच विकलं आहे ते ‘फुल-टाइमर’. त्यांना टपालासाठी आणि लायसन्ससाठी कुठलातरी पत्ता लागतो. टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन गावी अशा हजारो लोकांचा कागदोपत्री पत्ता आहे, कारण तिथली एक आरव्ही संघटना त्यांचं टपाल पुढे पाठवते. फुल-टाइमरना ‘बारमाही’ म्हणता येईल. बारमाही आणि हिवाळी, दोन्ही शब्द आपल्याकडे पाण्याला आणि पिकाला आधीपासून लागतात.