जुन्या कॉर्व्हेटचे टायर प्रेशर सेन्सर, एकच बदलू की चारही?

न्यू जर्सीत २००८ ची सी६ (कॉर्व्हेट गाडीची सहावी पिढी) आहे, मागच्या डाव्या चाकाचं प्रेशर डॅशवर नुसत्या रेघा दाखवतंय, बाकी तीन ठीक. एकच बदलून भागेल का?

> चारही बदला राव. सेन्सरची बॅटरी आत सील असते, वेगळी निघत नाही आणि सगळ्या एकाच वयाच्या, म्हणजे आज हा गेला की मागोमाग बाकीचे, आणि दरवेळी टायर रिमवरून उतरवायची मजुरी वेगळी.

> शिवाय ३१५ मेगाहर्ट्झचेच (सेन्सरची रेडिओ फ्रीक्वेन्सी) घ्या, युरोपातले ४३३ वाले चालणार नाहीत. नंतर रीलर्न, म्हणजे गाडीला नवे सेन्सर ओळखायला लावणं, क्रमाने पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, मागचं डावं, दरवेळी हॉर्न वाजतो.

> रनफ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर) असतील तर सेन्सर बदलणं टाळू नका, हवा गेलेली नुसतं बघून कळतच नाही.