या माशीला 'परजीवी' म्हणायचं का?

ऐरोलीकर: बाल्कनीतल्या कढीपत्त्यावरची हिरवी अळी कोषात गेली, तेव्हापासून लेक फुलपाखराची वाट बघत होती. एके सकाळी कोषाला भोक, त्यातून चिकट धागा लोंबलेला आणि खाली कुंडीत गव्हाच्या दाण्यासारखं तांबूस काहीतरी. बरणीत ठेवलं. काही दिवसांनी निघाली माशी! घरमाशीपेक्षा जाड, अंगावर राठ केस. टॅकिनिड म्हणतात म्हणे. मराठीत काय म्हणू? 'परजीवी' पटत नाही. उवा-जंतही परजीवीच, पण ते सहसा पोशिंद्याचा जीव घेत नाहीत.

येऊरवासी: बरोबर खटकलं. बांडगूळ आंब्यावर वर्षानुवर्षं राहतं. ही माशी मात्र खाल्ल्या घरचे वासे मोजून थांबत नाही, वासेही खाते. आमच्याकडे येऊरला पावसाळा सरता सरता सागाच्या पानांची जाळी होते. ती करणाऱ्या अळ्यांनाही टॅकिनिड गाठतात. काही जाती अळीच्या पाठीवर पांढरं अंडं चिकटवतात. काहींची अंडी इतकी बारीक, की त्या ती पानावरच टाकतात आणि अळी घासाबरोबर गिळते. आत गेल्यावर माशीच्या पिल्लाने हवेसाठी अळीच्या कातडीला किंवा श्वासनलिकेला भोक पाडायचं, नाजूक अवयव शेवटी खायचे. इंग्रजीतला 'पॅरासिटॉइड' मुळात फिनलंडचे कीटकशास्त्रज्ञ रॉयटर यांनी १९१३ साली घडवला, तो याच फरकासाठी.

घणसोलीकर: गावाकडे कृषी खात्याच्या पत्रकांत दोन शब्द असतात. मावा खाणारा ढालकिडा 'परभक्षी', किडींच्या अंड्यांत अंडी घालणारी बारीकशी गांधीलमाशी ट्रायकोग्रामा 'परोपजीवी मित्रकीटक'. शेतकऱ्याचं काम भागतं. पण मारणं त्या शब्दात नाहीच, आणि 'मित्र' कुणाचा, तर आपला!

पोथीवाली: भागवतात अवधूताच्या २४ गुरूंत पेशस्कृत आहे, म्हणजे मातीचं घर बांधणारी आपली कुंभारीण माशी. तिने कोंडलेली अळी तिच्याच ध्यासाने माशी होते, असा दृष्टान्त. बघणाऱ्याने खोटं नव्हतं पाहिलं हो: आत अळी, बाहेर माशी. कारण तेवढं वेगळं. मला गंमत वाटते परजीवीच्या पोशिंद्याला म्हणतात त्या 'यजमान' शब्दाची. मूळ अर्थ यज्ञ करवणारा. इथे आहुतीही त्याचीच.

ऐरोलीकर: ताई, छान! 'प्राणघातक परोपजीवी' अचूक होईल, पण सात वर्षांच्या मुलीला कसं सांगू? तिने स्वतःच नाव ठेवलंय, 'कोषचोर माशी'. सध्या घरात तेच चालतंय.