डीआयडीत ‘भागां’शी बोलायचं की नाही?

खानापूरकर
बहुव्यक्तिमत्त्वाच्या, म्हणजे डीआयडीच्या पेशंटमध्ये एकाच माणसात वेगवेगळी व्यक्तिमत्त्वं असतात, त्यांनाच ‘भाग’ म्हणतात. अशा पेशंटवर हल्ली चार शनिवारचा ऑनलाइन कोर्स केलेलेही रिचर्ड श्वार्ट्झ यांची आयएफएस, म्हणजे मनातल्या भागांशी बोलायची उपचारपद्धत वापरायला लागलेत. माझा राग पद्धतीवर नाही, घाईवर आहे. आयएफएसमध्ये रक्षक भागाला ‘जरा बाजूला हो’ म्हणतात. मग मूळ ‘स्व’ पुढे येतो असं धरलेलं असतं. पण डीआयडीत भागाभागांत विस्मरणाची भिंत असते. रक्षक हलला की भेदरलेला लहान भागच पुढे येतो, आणि तास संपल्यावर बाई एसटी स्टँडपर्यंत कशी पोचली ते तिलाच आठवत नाही.
म्हणून क्रम पाळा: आधी सुरक्षितता आणि स्थिरता, मग आघाताच्या आठवणी, शेवटी जोडणी. 2011 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही हेच तीन टप्पे आहेत. पहिल्यालाच बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षं जातात.

निपाणीची समुपदेशक
क्रम मान्य, सर. पण स्थिरता आणायची कशी, भागांशी न बोलता? रात्री हात कापून घेणारा भाग वेगळा आणि सकाळी तुमच्यापुढे बसून मान डोलावणारा वेगळा असेल, तर सुरक्षेचा करार कुणाशी केलात? त्यापेक्षा ‘आत जे कुणी ऐकत असतील त्या सगळ्यांना सांगते’ असं म्हणून समोरच्याच्या मार्फत बोला. एकच वही ठेवा, ज्याला जे वाटेल ते त्यानं लिहावं. ठरावीक वेळेला डोळे उघडे ठेवूनच आतल्या भागांची मनातल्या मनात बैठक घ्या. कुणी काहीही केलं तरी जबाबदारी एकाच माणसाची, हे पहिल्या दिवशीच सांगा. आणि शिवीगाळ करणाऱ्या भागाला हाकलू नका हो, बहुतेक वेळा संरक्षणाचं काम तोच करत असतो.

चिकोडी 591
ताई, भागाला नाव दिलंत, वय विचारलंत, की पुढच्या खेपेला आणखी दोन हजर! मानसशास्त्रज्ञ निकोलस स्पॅनोस यांचा आक्षेप हाच होता: सूचना, अपेक्षा आणि उपचारकाचं कौतुक यांतून भाग घडत जातात. शिवाय आधी बाकीची कारणं तपासा: फिट्सची शंका असेल तर ईईजी म्हणजे मेंदूचा आलेख, दारू-गोळ्यांची चौकशी, बॉर्डरलाइन म्हणजे भावना आणि नाती सतत डळमळणारं व्यक्तिमत्त्व. डीईएस या विस्मरण-तुटलेपणाच्या प्रश्नावलीचे 28 प्रश्न भरून घेतले आणि सरासरी 30 च्या वर गेली म्हणून निदान झालं असं होत नाही. ती फक्त चाळणी आहे.

निपाणीची समुपदेशक
नाव मी देतच नाही. बिननावाच्याला ‘रागावणारा’ म्हटलं तरी काम चालतं. नवे भाग घडवू नयेत, एकाचे लाड करू नयेत, हे 2011 च्या त्याच सूचनांत आहे. पण तुमच्या बोलण्यातून निघतं तसं, लक्षच दिलं नाही तर भाग विरून जातात, याला आधार काय?

सौंदत्ती रोड
आपल्याकडचा खरा घोळ कुणी बोलेना. चौंडकं वाजलं, यल्लम्मा अंगात आली, थोड्या वेळानं उतरली, बाई निवांत: हा आजार नव्हे, समाजानं मानलेली रीत आहे. न बोलावता कधीही येतं, मधले तास आठवत नाहीत, काम सुटतं, तर तपासा. आयसीडी-11 या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत संचाराचा, म्हणजे अंगात येण्याचा विकार 6बी63 आणि डीआयडी 6बी64, वेगळे. डीएसएम-5 या अमेरिकन मनोविकारांच्या यादीनं मात्र संचाराचं रूप डीआयडीतच घेतलंय. घरचे म्हणतात ‘देवी’, आयएफएसचे कोर्सवाले म्हणतात ‘मॅनेजर’, म्हणजे रक्षक भाग. दोन्ही शिक्के लावू नका, ‘आत्ता कोण बोलतंय, काय पाहिजे’ एवढंच विचारा. माहेर मराठी, शाळा कन्नड असली तर लहान भाग कधी कन्नडच बोलेल. तेव्हा नवऱ्याला दुभाषी बसवलंत तर तो भाग बोलायचाच थांबेल.

खानापूरकर
दुभाष्याचं अगदी बरोबर. आघाताच्या आठवणींवर यायचंच असेल तर मनोविकारतज्ज्ञ क्लफ्ट यांचा तिसऱ्या हिश्श्याचा नियम पाळा: पहिल्या हिश्श्यात विषयात शिरा, दुसऱ्यात काम, तिसरा पेशंटला पूर्ण भानावर परत आणायला. तासाची पहिली वीस मिनिटं गप्पांतच गेली तर त्या दिवशी आठवण उघडूच नका. परत आणायचं म्हणजे पाय जमिनीवर, तारीख-वार मोठ्यानं, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं. तरीही नजर हरवलेली वाटली तर एकटीला बसमध्ये बसवू नका. डीआयडीवर अशी गोळी नाही. सोबतच्या नैराश्यावर, झोपेवर असते. अवघड केस धारवाडच्या डिमहान्स या मनोरुग्णालयाला दाखवा. मध्येच जीव घाबरला तर 14416, टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, कन्नड-मराठी दोन्ही मिळतं. पण फोनवर भागांचं काम नको.

चिकोडी 591
एवढं सांभाळून करणार असाल तर माझं भांडण अर्धंच उरलं. उरलेलं अर्धं शेवटच्या टप्प्याचं: सगळे भाग एक व्हायलाच पाहिजेत असा आग्रह का? घर, पगार आणि पोरं सांभाळण्याइतकं आपसात जमलं, विस्मरण थांबलं, तर उपचार तिथं थांबवायची मुभा पेशंटला द्याल का?

निपाणीची समुपदेशक
देणार. ठरवायचं तिनं. मात्र विस्मरण थांबलंय हे तिच्या तोंडून नको, सहा महिन्यांची वही बघून ठरवा.