पाणी कुठवर आलं?

‘जे सांगायचं ते गद्यात सरळ सांगा की, कविता कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. पण सरळ सांगायला आपल्याला आधी ते कळलेलं असावं लागतं. घोडं तिथेच अडतं.

आमचं जुनं घर नाशिकला सराफ बाजाराजवळ. गंगेला (गोदावरी म्हणायची सवय नाही कुणाला) पूर आला की पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला की गळ्याला, एवढीच चर्चा. ओसरल्यावर वडील खराट्याने गाळ काढायचे. विचारलं तर ‘चालायचंच’. कवितेशी त्यांचा संबंध शून्य.

एकदा मी कुसुमाग्रजांची ‘कणा’ पाठ करत होतो, अगदी रटाळ सुरात. त्यात पुरात संसार मोडलेला एक जुना विद्यार्थी आपल्या सरांकडे येतो. सरांचा हात खिशाकडे जातो आणि त्या पोराला पैसे नकोच असतात, जरा एकटेपणा वाटलेला असतो, तिथे वडील दारात थांबले. म्हणाले, ‘परत वाच.’ मी वाचली. ते चष्मा पुसत बसले, धोतराच्या सोग्याने, बराच वेळ.

त्या कवितेत ‘दुःख’ हा शब्दही नाही. पूर पाहुणा म्हणून येतो, माहेरवाशिणीसारखा नाचतो. ‘नुकसान किती?’ हे वडिलांना तलाठ्यापासून सगळ्यांनी विचारलं होतं. एकटं वाटतंय का, हे कुणीच नाही. मीसुद्धा नाही.