जेलचा कडकपणा की जाळी? पेशी नक्की कुणाचं ऐकतात?

गोदाकाठ: २००६ मध्ये एंग्लर, डिशर वगैरे मंडळींनी पॉलिॲक्रिलामाइड जेलवर मूलपेशी वाढवल्या. १ किलोपास्कलच्या (कडकपणाचं एकक) आतल्या, मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींसारख्या फांद्या काढू लागल्या, ८ ते १७ वर स्नायूकडे वळल्या, २५ ते ४० वर हाडाकडे. तेव्हापासून ज्याला त्याला कडकपणाचा आकडा हवा. माझ्या मते हा आकडा डोक्यावर चढवून ठेवलाय.

माझंच बघा. पेशी मिसळलेल्या अल्जिनेटचे (समुद्री शेवाळातून मिळणारा चिकट पदार्थ) थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडले की भिजवलेल्या साबुदाण्यासारखे मणी होतात. कॅल्शियम वाढवलं, मणी टणक झाले. आठवड्यानंतर डबा मांडीवर धरून रिक्षाने गंगापूर रोडला गेलो (चांगला मायक्रोस्कोप तिकडच्या कॉलेजात), मणी कापून रंगवले. कडेला हिरवी रिंग, म्हणजे जिवंत. आत सगळं लाल, म्हणजे मेलेलं. गाइड म्हणतात, 'कडक झालं.' अहो, कॅल्शियम वाढलं की जेलमधल्या रेणूंची जाळीही घट्ट होते. दोष कुणाचा, कसं ठरवायचं?

पंचवटीकर: सहमत. २०१२ मध्ये ट्रॅपमन आणि सहकाऱ्यांनी हेच म्हटलं होतं. सिलिकॉन रबरचा कडकपणा हजारो पटींनी बदलला, पेशींना फरक पडला नाही. त्यांच्या मते पेशी ओढून बघतात ती वर चिकटवलेल्या कोलॅजन या प्रथिनाची पकड.

मिसळ_जास्त_तर्री: अर्धीच गोष्ट सांगताय, दादा. २०१४ मध्ये वेन आणि सहकाऱ्यांनी कडकपणा तोच ठेवून छिद्रं बदलली, कोलॅजनचे टाकेही कमीजास्त केले. पेशी तरी कडकपणाच्याच मागे गेल्या. आकडा एवढ्यात मोडीत काढू नका.

आणि गोदाकाठ, मणी केवढा? साबुदाण्याएवढा म्हणजे दोनतीन मिलिमीटर. पेशी दाट असतील तर ऑक्सिजन १००-२०० मायक्रॉनपर्यंतच पुरतो. त्याचा रेणू जाळीतून आरामात जातो, अडतात ती मोठी प्रथिनं. मऊ मण्यातही आत लालच दिसलं असतं. ते मणी कापलेत का?

गोदाकाठ: कापले. आत लालच होतं, थोडं कमी. लिहायचं राहिलं.

मिसळ_जास्त_तर्री: 'राहिलं'!

कणीक_मळणारी: तुम्ही दोघंही जेल स्थिर धरून बोलताय. मुरलेल्या पुरणपोळीच्या कणकेत बोट दाबा, खळगा राहतो. रबर लगेच परत येतं. २०१६ मध्ये चौधुरी आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीचा कडकपणा सारखाच असलेली अल्जिनेट जेल घेतली. जी ताण लवकर सोडत होती, त्यांत पेशी पसरल्या आणि हाडाकडे वळल्या. अल्जिनेट कुरतडणारं एन्झाइमच आपल्या पेशींकडे नाही, त्यामुळे जेल सरकलं तरच जागा. बाय द वे, आरजीडी पेप्टाइड (पेशींना धरायला जागा देणारा प्रथिनाचा छोटा तुकडा) जोडलंय ना? साध्या अल्जिनेटला पेशी चिकटतच नाहीत.

दिंडोरीचा_बागायतदार: मध्येच बोलतो, माफ करा. पाणी धरायला मातीत मिसळतो ते हायड्रोजेल हेच का?

कणीक_मळणारी: भाऊबंदच, दादा. पाणी धरणारी जाळी दोन्हीकडे. तुमचं सहसा पॉलिॲक्रिलेटचं असतं.

गोदाकाठ: आरजीडी नाही जोडलं. महाग आहे, आणि ऑर्डरवर गाइडची सही अडकलीय. तोवर मण्यांऐवजी पाव मिलिमीटरचा थर ओततो, मऊ आणि कडक शेजारी शेजारी. पण हे माझ्याच बाजूने जातंय, ताई. सरकणं, चिकटणं, जाडी, यातलं काय त्या आकड्यात दिसतं?

मिसळ_जास्त_तर्री: आधी थर ओता. मग भांडू.