मदत हवी आहे: वजनाचं इंजेक्शन बंद केलं, भूक परत आली. कमी झालेलं वजन टिकवायचं कसं?

नमस्कार. मी अहमदपूरची, लातूर जिल्हा. वय ४४, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. जरा लांबलचक लिहिते आहे, कारण अर्धवट सांगितलं की सल्लेही अर्धवट मिळतात.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझं वजन ९२ किलो होतं. उंची ५ फूट २ इंच. दोन्ही गुडघे धरायचे. त्यातच तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.३ आली. माझ्या आईच्या पायाचा अंगठा साखरेमुळे काढावा लागला होता आणि दोन महिने ते ड्रेसिंग मीच केलं होतं. त्यामुळे कागदावर ६.३ बघितलं आणि मला आईचा पाय दिसला. लातूरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून टिरझेपाटाइडचं इंजेक्शन सुरू केलं. आठवड्यातून एकदा, पहिले चार आठवडे २.५ मिलिग्रॅम, मग ५. पाचाच्या एका कुपीला ४,३७५ रुपये, म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार. पतसंस्थेचं कर्ज काढलं. तेरा महिन्यांत वजन ७८ वर आलं आणि साखर ५.६ वर. गुडघ्यांची तर मला आठवणही राहिली नव्हती.

त्या तेरा महिन्यांत नेमकं काय झालं होतं ते सांगते, कारण ज्यांनी घेतलं नाही त्यांना हे कळत नाही. माझ्या डोक्यात सकाळपासून खाण्याचा विचार चालूच असायचा. प्रार्थना चालू असताना डब्यात काय आहे, डबा खाताना चारच्या चहाबरोबर काय असेल. इंजेक्शन सुरू झालं आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो आवाज बंद पडला. दीड भाकरी झाली की हात आपोआप थांबायचा. मनाला आवर घालावा लागत नव्हता, खरंच नको वाटायचं. चाळिशी ओलांडल्यावर मला पहिल्यांदा कळलं की बाकीची माणसं अशी जेवतात.

मेअखेर बंद केलं. त्रास झाला म्हणून नाही, पैशांमुळे. मुलगी बारावीला आहे, नीटसाठी लातूरला क्लास आणि होस्टेल. दोन्ही खर्च एका पगारात बसेनात. डॉक्टरांनी बजावलं होतं की थांबवल्यावर वजन परत चढतं, तयारी ठेवा. मी मान डोलावली, पण तयारी म्हणजे काय करायचं ते विचारलं नाही. ही चूक माझी.

पहिले तीन आठवडे काहीच जाणवलं नाही. मला वाटलं, जमलं. हे औषध दर पाच दिवसांनी शरीरात निम्मं होत जातं आणि जवळजवळ संपायला महिना लागतो, हे नंतर कळलं. जूनच्या शेवटी एका रात्री मी तिसरी भाकरी घेतली आणि पोट भरलं नाही. आता रात्री साडेदहाला सगळे झोपले की उठते. दिवा लावत नाही. शेंगदाण्याच्या डब्याचं झाकण स्टीलचं आहे, ते वाजू नये म्हणून पदरात धरून काढते. एक मूठ, मग दुसरी. भूक लागलेली असते, खरी भूक. हे कुणाला सांगितलं की लोक म्हणतात सवय आहे.

आज वजन ८२.५ आहे. चार महिन्यांत साडेचार किलो. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी गेल्या दिवाळीला माझ्या सगळ्या ब्लाउजांना आतून टीप मारून दिली होती. परवा महालक्ष्म्यांच्या आधी त्यांच्याचकडे बसून ती टीप उसवून घेतली. त्या काही बोलल्या नाहीत, धागे वेचत राहिल्या. मला तिथंच रडू आलं.

माझं रोजचं खाणं असं. सकाळी सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा) किंवा पोहे, चहा. शाळेत पोषण आहाराची खिचडी मुलांना वाढायच्या आधी चाखून बघावी लागते, ते दोन घास. डब्यात दोन ज्वारीच्या भाकरी, एखादी भाजी, शेंगदाण्याची चटणी. चारला चहा-बिस्किट. रात्री भाकरी, वरण, भात. सासरे माळकरी आहेत, घरात अंडं येत नाही. सकाळी पाच वाजता उठून पाऊण तास चालते. यापेक्षा जास्त वेळ नाही.

माझे प्रश्न. वजन ८० च्या आसपास धरून ठेवायला नेमकं काय करू? ७८ च हवं असा हट्ट नाही. रात्रीच्या भुकेचं काय करायचं? नवरात्रात आमच्याकडे नऊ दिवसांचा उपास असतो, तो धरू का? आणि परत इंजेक्शन घ्यायचं झालं तर कमी खर्चात काही मार्ग आहे का? घरात सासूबाई रोज म्हणतात, "माय, खाय की दोन घास, किती वाळून गेलीस." त्या मायेनं म्हणतात, मला तोडता येत नाही.

स्पष्टवक्ता:
ताई, राग मानू नका. शॉर्टकट घेतला की असंच होतं. तोंडावर ताबा ठेवा, दहा हजार पावलं चाला. आपल्या आज्या कुठं इंजेक्शन घेत होत्या?

औषधवाला, नांदेड:
स्पष्टवक्ते, आपल्या आज्या दिवसभर खुरपत होत्या आणि विहिरीचं पाणी शेंदत होत्या. ताई पाच वाजता उठून चालतात, नोकरी करतात, घर करतात. त्यांना ताबा शिकवू नका.

ताई, मी वीस वर्षं मेडिकल दुकान चालवतो. तुमच्याच औषधावरचा एक मोठा अभ्यास डिसेंबर २०२३ मध्ये छापून आला. सगळ्यांना ३६ आठवडे औषध दिलं, सरासरी जवळपास २१ टक्के वजन उतरलं. मग निम्म्या लोकांना न सांगता नुसतं बिनऔषधी इंजेक्शन दिलं. वर्षभरात त्यांचं वजन, ३६ व्या आठवड्याला होतं त्याच्या सरासरी १४ टक्के, परत वाढलं. कमावलेलं बरंचसं टिकवणारे शंभरात सतराच्या आसपास निघाले. म्हणजे तुमचं जे होतंय ते बहुतेकांचं होतं. पण एक गोष्ट लोक सांगत नाहीत. एवढं वाढूनही ते मूळ वजनापेक्षा सरासरी दहा टक्के खालीच राहिले. तुम्ही आज ९२ वरून ८२.५ वर आहात, म्हणजे दहा टक्क्यांपेक्षा थोडं जास्तच खाली. इथं थांबवलंत तरी गुडघ्याला आणि साखरेला त्याचा उपयोग आहे.

आणि भूक खोटी नाही. मेलबर्नच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये दाखवलं की दहा आठवडे कडक आहार करून वजन उतरवलेल्या लोकांच्या रक्तात भूक वाढवणारी हार्मोन्स वर्षानंतरही चढलेलीच होती. तिथं इंजेक्शनचा संबंधच नव्हता. शरीर उतरलेलं वजन परत मागतं.

खर्चाचं. सेमाग्लुटाइड नावाच्या दुसऱ्या औषधाचं आपल्याकडचं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं, म्हणजे इतर कंपन्यांनाही ते बनवता येतं, म्हणून त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. तुम्ही घेत होतात ते वेगळं आहे, एकाच्या जागी दुसरं आपल्या मनानं घ्यायचं नसतं. चार महिन्यांच्या खंडानंतर थेट ५ मिलिग्रॅमनं सुरू करू नका, उलट्यांनी हैराण व्हाल. खालच्या डोसपासून चढायचं की कसं, ते डॉक्टर सांगतील. व्हॉट्सअॅपवर चिठ्ठीशिवाय कुणी पेन विकत असेल तर घेऊ नका. ते थंडाव्यात ठेवायचं औषध आहे. आपल्याकडच्या उन्हात पार्सल कुठं कुठं फिरून आलं हे कुणालाच माहीत नसतं.

ज्वारीचं कणीस, औसा:
बाई, तुमच्या डब्यात भाकरी आहे, चटणी आहे, डाळ कुठाय? रात्रीचं वरण पातळ असणार, आपल्याकडं एका वाटी तुरीत सगळं घर जेवतं. मला आहारतज्ज्ञांनी हेच दाखवून दिलं होतं. वजनाच्या किलोमागं एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात म्हणाल्या (मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर), म्हणजे तुम्हाला रोज ऐंशी ते शंभर ग्रॅम. तीस ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सातच्या आसपास मिळतात. तेवढ्याच सोयाबीनच्या वड्यांत पंधरा. लातूर सोयाबीनचं मोठं मार्केट, अन् आपण ते विकतो, खात नाही.

मी काय करते ते सांगते. सकाळी सुशीला करायचा तर त्यात मूठभर मोड आलेली मटकी अन् वर वाटीभर दही. डब्यात एक भाकरी कमी अन् उसळ जास्त, उसळीला पहिला मान. रात्री पिठलं किंवा घट्ट डाळ आधी खाते, भाकरी नंतर. हुलग्याचे शेंगोळे झाले तर भात नाही. चारला बिस्किटाऐवजी फुटाणे.

रात्रीची भूक संध्याकाळपासून तयार होते, माझा अनुभव आहे. साडेसहाला ताक अन् फुटाणे घेतले की साडेदहाला उठावंसं वाटत नाही. अन् शेंगदाण्याचा डबा माळ्यावर टाका. खरंच टाका. कूट लागेल तेवढा आठवड्याचा खाली काढा.

उपास धरलात तर साबुदाण्यापासून लांब राहा, तो निव्वळ पिष्ट. दुपारपर्यंत भूक दुप्पट होते. राजगिरा, दही, ताक, पनीर, थोडे दाणे. माझं मत विचाराल तर यंदा उठता-बसता दोनच दिवस धरा. तुळजापूरची आई काही रागवायची नाही.

संभाजीनगरहून:
मी फिजिओथेरपी करते. चालणं सोडू नका, पण नुसतं चालून तुमचं काम होणार नाही. १४ किलो उतरले त्यातला साधारण पाव हिस्सा चरबी नसून स्नायू वगैरे असतो. आता परत येतंय ती मुख्यतः चरबी. स्नायू कमी म्हणजे बसल्या जागी होणारा खर्चही कमी, म्हणून पूर्वीएवढंच खाऊन वजन चढतं.

डेन्मार्कमध्ये याच जातीच्या लिराग्लुटाइड या औषधावर एक अभ्यास झाला. आधी आहारानं वजन उतरवलं, मग वर्षभर काहींना औषध, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही. सगळं थांबवल्यावर आणखी एका वर्षानं बघितलं, तर नुसतं औषध घेतलेल्यांपेक्षा औषधाबरोबर व्यायाम केलेल्यांचं वजन बरंच जास्त टिकलेलं होतं. तुम्ही औषधाच्या काळात ताकदीचा व्यायाम केला नाही. आता करा, उशीर झालेला नाही.

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबून परत दहा. भिंतीला हात टेकून दंड, दहा. एकेक लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरून दोन्ही हातांनी खांद्यापर्यंत उचलणं. वीस मिनिटांत होतं. पाऊण तासाच्या चालण्यातली वीस मिनिटं इकडे वळवा. दर दोन आठवड्यांनी एकेक वेळ वाढवा, नाहीतर शरीर सरावतं.

आणि वजन रोज नको, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी संडासला जाऊन आल्यावर. ८४ दिसलं तर वाट न बघता डॉक्टरांकडे. साखरही दर तीन महिन्यांनी. ९२ होईपर्यंत लाजून घरी बसणारे पेशंट मी फार बघितले आहेत.

(धागाकर्ती):
सगळ्यांचे मनापासून आभार. औषधवाले दादा, "दहा टक्के खालीच" हे वाक्य मी तीनदा वाचलं. आतापर्यंत मी फक्त ७८ ते ८२.५ एवढंच मोजत होते.

औशाच्या ताई, काल रात्री बघितलं. आमच्या घरात पाच माणसांना खरंच एक वाटी तूर लागते. सासूबाईंसमोर दोन वाट्या घातल्या तर म्हणाल्या, पाहुणे येणारेत का. मग त्यांना शेजारी बसवून आईच्या अंगठ्याचं सगळं सांगितलं, ड्रेसिंगचं, वासाचं. मी हे त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. थोडा वेळ गप्प बसल्या. मग माझ्या ताटात भाकरी वाढताना अर्धीच मोडून वाढली आणि वर घट्ट वरणाचा अख्खा डाव घातला. शेंगदाण्याचा डबा त्यांनीच स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवला आहे.

उपास पहिल्या आणि शेवटच्या दिवशी धरणार. लातूरला मुलीला भेटायला शनिवारी जाणार आहे, तेव्हाच डॉक्टरांची वेळ घेतली आहे. कमी डोस किंवा दुसरं औषध जमतं का ते विचारते. नाही जमलं तरी साखर तपासून येते.

स्पष्टवक्ते, राग मानला नाही. पण एवढं विचारते, साडेदहाला पोटात आग पडलेली असताना तुम्ही झोपू शकता का?

फिजिओताई, आज पहाटे उठ-बस करून बघितली. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून सहा झाल्या, सातव्याला उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ आली म्हणून थांबले. पलंगाच्या कडेवरून सोपं गेलं, तो खुर्चीपेक्षा दोन-तीन इंच उंच आहे. महिनाभर पलंगावरूनच केलं तर चालेल का, की त्यानं फायदा होत नाही?

संभाजीनगरहून:
चालेल, पलंगावरूनच करा. दोन पावलांत खांद्यांएवढं अंतर ठेवा, गुडघा आत झुकू देऊ नका, उठताना टाचेवर भार द्या. उठणं जमतंच, बसतानाच हळू बसा, मनात तीन मोजत. पंधरा आरामात झाल्या की खुर्चीकडे या. कळ दुसऱ्या दिवशीही राहिली तर इथं न विचारता जवळच्या कुणाला तरी गुडघा दाखवून घ्या.