दादाची दाढ, चार डॉक्टर आणि मधे निरोप्या मी

सांगलीची_धाकटी

माझा दादा ४१ वर्षांचा, डाउन सिंड्रोम आहे. आई गेल्यापासून माझ्याकडेच असतो. सकाळी कार्यशाळेत कागदी पिशव्या चिकटवतो आणि संध्याकाळी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘जेवलास का?’ विचारतो.

दिवाळीनंतर त्याचं बिनसलं. उजव्या गालावर स्वतःच चापट्या, रात्रभर येरझाऱ्या, एकदा तर ताटच भिरकावलं. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी दोन मिनिटं बघितलं, ‘अशा पेशंटचं असं होतंच’ म्हणाले आणि रिस्पेरिडोन ही वागणं शांत करणारी गोळी सुरू केली. दादा शांत झाला म्हणजे काय, दिवसभर पेंगायला लागला. ‘जेवलास का’सुद्धा बंद.

अडीच महिन्यांनी कार्यशाळेतल्या बाईंनी विचारलं, “हा हल्ली एकाच बाजूनं का खातो हो?” घरी येऊन नीट बघितलं. भाकरीचा आमटीत पार लगदा करून तो डाव्या गालात सरकवत होता. रोज समोर बसून जेवते मी! टॉर्च मारला तर उजवीकडची खालची दाढ किडून नुसतं टरफल उरलेलं, हिरडी टम्म.

आता प्रश्न. दातांचे डॉक्टर म्हणतात, खुर्चीवर जमणार नाही, पूर्ण भूल लागेल. भूलतज्ज्ञ म्हणतात, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि मानेचा एक्स-रे आणा. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, आधी थायरॉइड. फिजिशियन म्हणतात, ती पेंग आणणारी गोळी कुणी दिली त्यांना विचारा. माणसं सगळी भली, पण एकमेकांना फोन कुणी करत नाही. पिशवीत फाइल घालून मी फिरतेय. या मंडळींना एकत्र बोलतं कुणी केलंय का? कसं?

भूलवाला

ताई, मी याच धंद्यातला. इको आणि एक्स-रे मागितला ते बरोबरच आहे. डाउनमध्ये मानेचे पहिले दोन मणके सैल असू शकतात, नळी घालताना मान मागे वाकवली तर मज्जारज्जूला धोका. जन्मतः हृदयदोष असू शकतो तो वेगळाच. भुलीच्या वायूनं नाडीही पटकन मंदावते. थायरॉइडचंही खरं आहे, यांच्यात ते वरचेवर कमी असतं आणि सुस्ती आणतं. मग पेंग गोळीची की थायरॉइडची, हे कोण ठरवणार? म्हणून सगळ्यांनी एकत्र बोलायला हवं. गोळी मात्र स्वतःच्या मनानं एकदम थांबवू नका.

फिजिशियनना सरळ म्हणा, ‘तुम्ही म्होरके व्हा.’ एकानं जबाबदारी घेतली की बाकीचे फोन उचलतात. आणि भूल एकदाच मिळणार आहे तर तेवढ्यात रक्त काढून घ्या, कानातला मळ काढा, बाकीचे दातही तपासून घ्या. यादीत पहिला नंबर मागा. उपाशीपोटी दुपारपर्यंत ताटकळलेला पेशंट कुणालाच आवरत नाही.

लीड्सहून_मीना

मी इंग्लंडमध्ये नर्स आहे. इथे बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी नर्सिंगची वेगळी शाखाच आहे, आणि माझं निम्मं काम डॉक्टरांना डॉक्टरांशी बोलायला लावणं. ही शहाणपणं इथेही सुखासुखी आली नाहीत. २००७ मध्ये मेनकॅप या अशा लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं बौद्धिक अपंगत्व असलेल्या सहा जणांच्या मृत्यूंचा अहवाल काढला तेव्हा मोठी खळबळ झाली. दुखणं ‘त्याच्या स्वभावात’ ढकललं जातं, हे तुमच्या दादाच्या दाढेसारखंच. आता १४ वर्षांपुढे दर वर्षी फॅमिली डॉक्टरकडे तपासणी मिळते. तरी सगळं आलबेल आहे असं समजू नका.

तुम्हाला आजच करता येईल अशी गोष्ट म्हणजे ‘हॉस्पिटल पासपोर्ट’, म्हणजे डॉक्टर-नर्सना दाखवायचा दादाच्या माहितीचा कागद. कागदावर तीन रंग. लाल म्हणजे जिवाशी गाठ, पिवळा म्हणजे त्याची पद्धत, हिरवा म्हणजे आवडनिवड. दुखलं की तो काय करतो, हे लालमध्येच लिहा.

नाशिकचा_बाप

दोन व्यवहाराच्या गोष्टी. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना काढली आहे का? वर्षाला एक लाखापर्यंत विमा, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, नूतनीकरण मात्र विसरायचं नाही. दुसरं, कायदेशीर पालकत्व. अठरा पूर्ण झाली की आपण आपोआप पालक राहत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. आम्ही वेळेत केला नाही आणि ऐन वेळी सहीवरून धावपळ झाली.

सांगलीची_धाकटी

सगळ्यांचे आभार. पालकत्वाचं कधी सुचलंच नव्हतं, अर्ज आणलाय.

फिजिशियनना ‘म्होरके व्हा’ म्हटलं तर हसले, पण माझ्यासमोरच भूलतज्ज्ञांना फोन लावला. चार मिनिटं बोलले असतील. तीन महिन्यांत मला जे जमलं नाही ते तेवढ्यात ठरलं. थायरॉइड खरंच कमी निघालं, गोळी सुरू झाली. मानसोपचारवाल्यांशीही तेच बोलले, रिस्पेरिडोन हळूहळू उतरवतायत. इको ठीक आहे. मानेबद्दल जपून राहायला सांगितलंय. दाढ पुढच्या गुरुवारी, पहिला नंबर.

कागद केला. लालमध्ये ‘मान मागे वाकवू नका’ आणि ‘गालावर मारतो म्हणजे दुखतंय’. पिवळ्यात ‘सुई आधी दाखवा, मग टोचा. लपवली तर परत हात देत नाही’. हिरव्यात काय लिहू म्हणून त्यालाच विचारलं, तर म्हणाला, “डॉक्टर जेवला का?” तेच लिहिलंय.